चार तालुक्यांचे धनी

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. त्यांतले ४ नोडभाऊंच्या लॅपटॉपमध्ये आहेत: दारव्हा, दिग्रस, पुसद आणि उमरखेड. सकाळी चहाचा कप घेऊन नोडभाऊ जेवणाच्या टेबलाशी बसले की हे तालुके एकामागून एक जागे होतात, 'मी आहे, तू आहेस का?' असं एकमेकांना विचारतात, आणि रात्री वहिनींनी टेबल पुसायला घेतलं की मुकाट झोपी जातात. दारव्ह्याचा निरोप उमरखेडला पोचायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. एस.टी.ला तीन-साडेतीन तास लागतात. पण त्यावरून एस.टी.ला नावं ठेवू नयेत, असं नोडभाऊ मोठ्या मनानं सांगतात. एस.टी.ला खरोखरच्या उमरखेडला जावं लागतं.

नोडभाऊ हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे, कॉलनीनं ठेवलेलं. त्याआधी ते 'एक्स्चेंजवाले भाऊ' होते. फोनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे त्या काळात घरात डायल टोन आणून देणारा माणूस म्हणून लग्नाकार्यात त्यांना पहिल्या पंगतीला बसवायचे. साखरपुडा ठरला की आधी गुरुजींना आणि मग यांना कळवायचे, कारण मुंबईचा ट्रंक कॉल लागणं यांच्या हातात. मग मोबाइल आला आणि मान पंगतीतून सरकत सरकत बुफेच्या रांगेत गेला. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून देशभरातले ७८ हजारांवर कर्मचारी एकदम स्वेच्छानिवृत्त झाले, त्यांत हे एक. पाठोपाठ मार्चात टाळेबंदी. जन्मभर इकडच्या माणसाला तिकडच्याशी जोडून देणारा माणूस घरी बसला, आणि जोडायला समोर एकट्या वहिनी. त्या आधीच जोडलेल्या.

त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचं, मनावर घेतलं. त्याला परीक्षा असते, केंद्र सरकारचा परवाना असतो. खालच्या श्रेणीला 'व्हीयू-थ्री'नं सुरू होणारं हाकचिन्ह मिळतं, वरच्या श्रेणीला 'व्हीयू-टू'नं, आणि वरच्यासाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं मोर्स यावं लागतं. नोडभाऊंकडे व्हीयू-थ्री आहे, डोळा व्हीयू-टूवर आहे. त्यामुळे पंगतीत वाढप्याची वाट पाहताना ते ताटावर चमच्यानं काहीतरी वाजवत बसतात. एकदा मठ्ठा वाढणाऱ्या पोरानं त्यांना 'आणतो ना भाऊ, वाजवता कायले' म्हणून सुनावलं. नोडभाऊ म्हणाले, मी मठ्ठाच मागत होतो, फक्त तुला मोर्स येत नाही.

या पंथाच्या माणसाला तारखा पाठ असतात. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. २६ जानेवारी २००१, भूज. २६ डिसेंबर २००४, त्सुनामी. दर वेळी फोन मेले आणि हॅमवाले बोलत राहिले. त्सुनामीची गोष्ट नोडभाऊ विशेष रंगवून सांगतात. दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या त्या निव्वळ हौसेनं. अंदमानमधून जगभरच्या हॅमवाल्यांशी संपर्क साधायचा, एवढाच बेत. तेवढ्यात समुद्र आत आला, आणि हौसेसाठी नेलेल्या त्याच यंत्रांवरून माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवली जाऊ लागली. ही गोष्ट खरीच आहे आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पुढचं वाक्य मात्र नोडभाऊंचं स्वतःचं असतं: "म्हनून सर, आपनबी तयार पाह्यजे." इथं काटा बसतो आणि पाहुणा चप्पल शोधू लागतो.

तयारी हाच त्यांचा पिंड. असा माणूस प्रत्येक कॉलनीत असतो. घरात टॉर्चला टॉर्च, कुलपाला तिसरी किल्ली. सहलीला निघाले तर बॅगेत दोरी. ही दोरी कशाला, असं विचारायची सोय नसते, कारण सांगतात. अशा माणसाच्या हाती नुसता वॉकीटॉकी दिला असता तर प्रकरण आटोक्यात राहिलं असतं. यांच्या हाती मेश लागलं.

मेश म्हणजे जाळं. अमेरिकेत टेक्सासमधल्या हौशी मंडळींना फार वर्षांपूर्वी सुचलं की बाजारात मिळणारा लिंकसिसचा निळा-काळा वाय-फाय राउटर घ्यावा, त्यातलं कंपनीचं फर्मवेअर पुसून आपलं घालावं, आणि असे राउटर गच्चीगच्चीवर टांगून गावभर स्वतःचं जाळं विणावं. त्याच घराण्यातून पुढं 'एआरईडीएन' निघालं, म्हणजे हौशी रेडिओचं आपत्कालीन डेटा जाळं. आज हे फर्मवेअर मायक्रोटिक, युबिक्विटी, टीपी-लिंक अशा कितीतरी यंत्रांवर चालतं. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. नोडभाऊ हे समजावतात ते असं:

"मोबाइल म्हंजे काय सर? एक टावर. टावर बसला का सारं गाव मुकं. मेशमधी मालक कोनीच नाही. हा नोड पडला तं शेजारचा रस्ता देते, थो पडला तं तिसरा. कोनाले इचाराचं काम नाही. आपोआप."

जुन्या आवृत्तीत ही वाट शोधायची रीत ओएलएसआर होती, आताच्या आवृत्तीत बेबल आहे. दोन्हींत फरक काय, हे मी एकदा विचारलं होतं. तुम्ही विचारू नका.

आता एवढं सगळं गच्चीवर टांगायचं तर गच्च्या लागतात, यंत्रं लागतात, आणि यंत्रांना पैसे लागतात. घरातला पैसा वहिनींच्या हाती. त्यांनी एक राउटर मंजूर केला. तो गच्चीवर लागला, त्याचं तोंड लोहाऱ्याकडे केलं, कारण लोहाऱ्याला नोडभाऊंसारखेच निवृत्त आणि परवानाधारक एक मास्तर होते. मधे कडुनिंब होता. या लहरींना समोरासमोर नजर लागते, ओली पानं त्यांना मानवत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात दोघांचं बोलणं व्हायचं आणि पावसाळ्यात, म्हणजे आपत्तीच्या खास हंगामात, व्हायचं नाही.

दुसऱ्या राउटरला वहिनींनी नाही म्हटल्यावर नोडभाऊंना व्हर्च्युअल मशीनचा शोध लागला. या फर्मवेअरची एक आवृत्ती साध्या संगणकासाठीही मिळते. लॅपटॉपच्या पोटात एक खोटा संगणक तयार करायचा, त्याला वाटू द्यायचं की आपण खरे आहोत, आणि त्याच्यात ते फर्मवेअर सोडायचं. झाला नोड. दुसरा खोटा संगणक, दुसरा नोड. पैसा नको, गच्ची नको, वहिनी नको.

"आन याच्यात रेडिओ कुठी हाये?" वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"रेडिओ नाही त्याच्यात. थो व्हर्च्युअल हाये."

"म्हंजे नाहीच ना?"

"नाही म्हंजे... हाये, पन नाही."

"मंग लाइटीचं बिल कसं हाये हाये येते?"

पण नोडभाऊंचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. जाळं कसं बांधायचं, निरोप कोणत्या वाटेनं जातो, एक नोड बंद केला तर बाकीचे काय करतात, हे सगळं रेडिओ न लावता शिकता येतं. आणि मोठ्या जाळ्यांतही काही नोड असे बिनरेडिओचेच असतात, नुसते निरोपांची ने-आण करणारे. शिवाय कोणत्या पट्ट्यात हौशी माणसानं काय करावं याचे नियम अमेरिकेत वेगळे, आपल्याकडे वेगळे. व्हर्च्युअल मशीनमधून लहरच बाहेर पडत नाही, तेव्हा नियम मोडायचाही प्रश्न नाही. यवतमाळातलं सर्वांत कायदेशीर रेडिओ केंद्र आपलंच, असं ते म्हणतात. ते खोडून काढणं अवघड आहे.

दारव्हा त्यांनी एकाच दुपारी उभं केलं. नवा नोड पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्याचं नाव 'नोकॉल' असतं, बारशाआधीच्या बाळासारखं. त्याला आपलं हाकचिन्ह द्यायचं, पुढं गावाचं नाव जोडायचं, परवलीचा शब्द बदलायचा, आणि मग तो जगात यायला मोकळा. दारव्हा आलं. नोडभाऊंनी पेढे आणले. मग दिग्रससाठी पुन्हा सगळा खटाटोप कशाला, म्हणून त्यांनी दारव्ह्याचीच हुबेहूब नक्कल काढली आणि नाव तेवढं बदललं. तिथं घोळ झाला.

हा घोळ मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिला आहे. पडद्यावर शेजाऱ्यांची यादी उघडलेली. यादीत दारव्हा दिसे. नोडभाऊ 'दिसलं!' म्हणेपर्यंत दारव्हा गायब आणि दिग्रस हजर. दिग्रसवर बाण नेईपर्यंत दिग्रस गेलं, दारव्हा आलं. दिग्रसला माझे साडू राहतात, त्यामुळे दिग्रस गेल्याचं मला व्यक्तिशः दुःख झालं नाही, पण नोडभाऊंना घाम फुटला. त्यांनी लॅपटॉपची वायर हलवली, इन्व्हर्टर बंद-चालू केला, दुकानदाराला फोन लावून शिव्या दिल्या. दुकानदारानं त्यांना फक्त माउस विकला होता.

कारण उमगायला आठवडा गेला. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातून एक क्रमांक येतो, मॅक ॲड्रेस. हे फर्मवेअर त्या क्रमांकाच्या शेवटच्या तीन भागांवरून नोडचा पत्ता ठरवतं. पहिला आकडा १०, पुढचे तीन तिथून. त्यामुळे जगभर कितीही नोड लागले तरी पत्ते वाटायला कचेरी लागत नाही. मात्र नक्कल काढताना नोडभाऊंनी 'नवे मॅक ॲड्रेस तयार करा' हा पर्याय निवडलाच नव्हता. दोन गावं, दोन नावं आणि पत्ता एक.

"दोघंबी एकाच घरात राहून राह्यले सर!" ते मध्यरात्री कुंपणावरून ओरडले.

ही बातमी सकाळी पानठेल्यावर गेली. तिथल्या राजकीय जाणकारांना त्यात नवल वाटलं नाही. विधानसभेला दारव्ह्याचा मतदारसंघ कधीचाच दिग्रसमध्ये गेला आहे, मग पत्ता तरी वेगळा कशाला, असा त्यांचा सवाल होता.

पत्ते वेगळे झाल्यावर दोघं एकमेकांना ओळखेनात. नोडला नोड तारेनं जोडायचा तर निरोपांवर 'व्हीलॅन दोन'चा शिक्का लागतो, आणि लॅपटॉपच्या पोटातली ती खोटी वायर हा शिक्का वाटेत पुसत होती. त्यात पोळा गेला. पुसद आणि उमरखेड येईपर्यंत दुर्गोत्सव आला. यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे गाव रात्रभर रस्त्यावर. मंडळाच्या पोट्ट्यांनी नोडभाऊंकडे मोठ्या आशेनं चौकशी केली.

"भाऊ, याच्यावर क्रिकेट दिसते का?"

"नाही. करमनुकीचं प्रसारन चालत नाही."

"वर्गनी मागता येते का?"

"पैशाचा धंदा चालत नाही."

"मंग पोरीले मेसेज?"

"पोरीजवळ परवाना पाह्यजे. आन गुप्त भाषा चालत नाही, साऱ्याईले समजलं पाह्यजे."

पोट्टे नमस्कार करून गेले. नोडभाऊंनी त्यांना एक शब्दही खोटा सांगितला नव्हता.

पुढं लोहाऱ्याचे मास्तर मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जाळ्यात रक्तामांसाचा दुसरा माणूस तेवढा एकच होता. नोडभाऊ हबकले, पण फर्मवेअरमध्ये याचीही सोय आहे. दूरचा नोड इंटरनेटवरून बोगदा काढून आपल्या जाळ्याला जोडता येतो. मास्तरांनी हडपसरच्या फ्लॅटमध्ये व्हर्च्युअल मशीन चढवलं, बोगदा जुळला, आणि यादीत पुणे झळकलं. आता मध्ये कडुनिंब नाही. दोघं बारा महिने बोलतात. मी एवढंच विचारलं की इंटरनेट बंद पडलं तर काम देणारं हे जाळं इंटरनेटवरून कसं चालतं?

"थे तात्पुरतं हाये," नोडभाऊ म्हणाले.

"आणि इंटरनेट बंद पडलं तर?"

"तं पुनं जाईन. बाकी चारी राह्यतीन."

बाकी चारी टेबलावर होते.

थट्टा पुरे. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. आनंदनगर तांड्यावर माणसं पाण्यात अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. त्या दिवशी नोडभाऊ कुंपणाशी आले, काहीच बोलले नाहीत, आणि ते न बोलणं त्यांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासांची, जनरेटरला डिझेल लागतं, आणि पुलावरून गेलेली केबल पुलाबरोबर जाते. मुद्दा त्यांचाच बरोबर आहे. माझी तक्रार तीच आहे. चुकीच्या माणसाला टाळता येतं, बरोबर असणाऱ्याला कुंपणापलीकडून टाळायचं कसं? मला वणीचा नोड व्हा म्हणून त्यांनी किती आग्रह केला असेल! आमची गच्ची सामाईक आहे, चुलतभावाचा दावा चालू आहे, असं सांगून मी सुटलो. दावा कधीच निकाली निघाला आहे. आणि मी राहतो यवतमाळातच, पण व्हर्च्युअलमध्ये त्यानं अडत नाही.

मागच्या मे महिन्यात अवकाळी आली. आधी धूळ, मग टिनपत्रे, मग गारा. वीज गेली. रात्री नवाच्या सुमारास मोबाइलचे दांडेही एकेक करून गेले आणि कॉलनी चिडीचूप झाली. तेवढ्यात कपाळाला टॉर्च बांधलेली आकृती आमच्या फाटकाशी आली.

"सर, या लवकर! नेटवर्क अप हाये!"

त्या आवाजात जो आनंद होता तो एखाद्याला नातू झाल्यावर होतो. मी गेलो. न जाऊन सांगतो कोणाला, फोन तर बंद होता. घरात इन्व्हर्टरवर एकटा लॅपटॉप. पंखा सक्तीच्या रजेवर. वहिनी सुपानं वारा घेत बसलेल्या. पुणे यादीतून गेलेलं, पण दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड चारही हजर, चौघांची जोडणी १०० टक्के. बाहेर आभाळ फाटत होतं आणि आत एक बाइट गळत नव्हता. नोडभाऊंनी मेशचॅट उघडलं, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि टाइप केलं: "दारव्हा ते दिग्रस. इथे सर्व ठीक. आपली स्थिती कळवा."

निरोप तत्क्षणी पोचला. मग नोडभाऊंनी खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली, दुसरी खिडकी उघडली, खाकरले, आणि दिग्रसहून उत्तर लिहू लागले: "दिग्रस ते दारव्हा. इथेही सर्व..."

"आहो," वहिनी सूप थांबवून म्हणाल्या, "दिग्रसले गारा पडल्या का?"

नोडभाऊंची बोटं थांबली. त्यांनी दिग्रसचं पान उघडून पाहिलं. किती वेळापासून चालू आहे ते होतं, मेमरी किती उरली ते होतं, शेजारी किती ते होतं. गारांचं काही नव्हतं. दुसरा कोणी असता तर 'पडल्या थोड्या' म्हणून मोकळा झाला असता. पण परवानाधारकानं खोटा संदेश पाठवू नये, हे नोडभाऊंनी परीक्षेपुरतं पाठ केलेलं नव्हतं. लिहिलेलं त्यांनी अक्षर-अक्षर पुसलं, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, आणि कपाळावरच्या टॉर्चसकट माझ्याकडे वळले. माझे डोळे दिपले.

"सर, तुमचे साडू दिग्रसले राह्यतात ना? त्याईच्या घरावर गच्ची हाये का टिनं?"

साडूंचं घर दुमजली आहे. गच्ची सपाट आहे, समोर कडुनिंब नाही, यंदाच निवृत्त झाले आहेत आणि दुपारी अगदी मोकळे असतात. मेहुणीच्या लग्नातल्या मानपानापासून आमचं बोलणं बेतानंच आहे. त्यांचा नंबर मी अंधारात, मोबाइल न उघडता, तोंडपाठ सांगितला.